अर्धीच ओळखलेली पपई

पपई पिकून पिवळी होते तोवर तिच्यातली एक मोठी गोष्ट संपलेली असते. हिरव्या फळाला नख लागले तरी पांढरा चीक ओघळतो. फळ पिकत जाईल तसा तो आटतो आणि पूर्ण पिकलेल्या पपईत जवळजवळ राहतच नाही. मांस मऊ करणारे, रेशमाच्या धाग्यावरचा चिकट थर सोडवणारे, कातडी कमावण्याच्या कामी येणारे, बिअर निवळ ठेवणारे आणि रक्तपेढीच्या प्रयोगशाळेतही लागणारे विकर त्या चिकात असते. आपण मात्र पपई खातो ती पिकल्यावर, फोडी करून, सकाळी बशीत. जगात सगळ्यांत जास्त पपई भारतात पिकते. जगाच्या उत्पादनाचा ४० टक्क्यांच्या आसपासचा वाटा आपला आहे, आणि तरीही या फळाची एकच बाजू आपल्या ओळखीची आहे. दुसऱ्या बाजूची ओळख व्हावी म्हणून हे पुस्तक लिहिले.

पपईचे मूळ घर मेक्सिकोचा दक्षिण भाग आणि त्याला लागून असलेली मध्य अमेरिका. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून तिचे बी फिलिपिन्सला गेले, तिथून मलाक्क्याला आले आणि मलाक्क्याहून भारतात पोचले. हा मार्ग आपल्याला ठाऊक आहे तो गोव्यात राहिलेल्या एका डच माणसामुळे. यान हुइगेन व्हान लिन्सखोटेन १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी होता. मायदेशी परतल्यावर १५९६ मध्ये त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात गोव्यातली झाडे, फळे, बाजार आणि माणसे यांचे बारकाईने वर्णन आहे. पपई कुठून आली हे तर तो सांगतोच, शिवाय या झाडात नर आणि मादी वेगळे असतात व एकमेकांवाचून ती फळत नाहीत, हेही तो नोंदवतो. म्हणजे त्या वेळेपर्यंत पपई गोव्याच्या परसात रुळली होती आणि लावणाऱ्यांना तिचा स्वभाव कळला होता.

काजू, मिरची, अननस, पेरू, सीताफळ, बटाटा ही मंडळी समुद्रावरून आली, त्याच काळातली पपई. त्यामुळे कुणी पपईचा एखादा गुण चरक-सुश्रुतांच्या नावावर खपवू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये. त्या संहिता लिहिल्या गेल्या तेव्हा पपई या देशात नव्हती. नंतरच्या काळात वैद्यांनी तिचे गुण पाहिले, नोंदवले, तिला आपल्या औषधांत जागा दिली. नव्या वनस्पतीकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याची त्यांची ही वृत्ती मला फार मोलाची वाटते. प्राचीनतेचा खोटा शिक्का मारला की नेमके त्यांचेच श्रेय हिरावले जाते.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पपई हे झाड म्हणावे की नाही असाच प्रश्न आहे. तिचे खोड आतून पोकळ असते, त्यात लाकूड जवळपास नसते, फांद्या सहसा फुटत नाहीत. उंच वाढलेले एक मोठे रोपच ते. खोडावर दिसणारे खळगे म्हणजे गळून पडलेल्या पानांच्या देठांच्या खुणा. वाढ झपाट्याची. लावणीपासून नऊ-दहा महिन्यांत फळ काढणीला येते आणि दोन-अडीच वर्षांत बागेचा कस संपतो. मुळे नाजूक असतात. बुंध्याशी दोन दिवस पाणी साचून राहिले तरी ती कुजू लागतात आणि उभे झाड एकाएकी माना टाकते. म्हणून कोकणात न्हाणीघराच्या सांडपाण्यावर पपई लावताना जाणती माणसे ती पन्हळीच्या तोंडाशी न लावता थोड्या उंचवट्यावर लावतात, ओल पोचेल पण पाणी थांबणार नाही अशा बेताने.

तिच्या नात्यागोत्यात तर एक गंमतच आहे. दिसण्यावरून कुणी तिला एरंडाची मानेल, फळावरून खरबुजाची. प्रत्यक्षात तिचे जवळचे कुळ शेवग्याचे आहे, आणि दोघांचा समावेश मोहरी, कोबी, मुळा यांच्या गणात होतो. खात्री करून घ्यायची तर पपईचे एक ताजे बी दाताखाली धरावे. आधी मिरीसारखा चटका बसतो आणि मागून मोहरीचा झणका नाकात चढतो. मोहरीला झणका देणारी द्रव्ये ज्या वर्गातली, त्याच वर्गातले एक द्रव्य या बियांत असते. याच बिया वाळवून काळ्या मिरीत मिसळण्याचा धंदा आपल्याकडे जुना आहे. ओळख सोपी आहे. मिरीचा दाणा गोल आणि टणक असतो. पपईचे बी लांबट, सुरकुतलेले आणि हलके असते, पाण्यात टाकले की ते बहुधा वर तरंगते.

पपई लावणाऱ्याला सगळ्यांत जास्त छळणारी गोष्ट मात्र तिचे लिंग. जुन्या देशी वाणांचे आणि वॉशिंग्टनसारख्या वाणांचे बी पेरले की साधारण निम्मी झाडे नर निघतात आणि निम्मी मादी. ते कळते फुले आल्यावर, लावणीनंतर चार-पाच महिन्यांनी. तोवर खत, पाणी, मजुरी सगळ्यांना सारखीच लागते. नराची फुले लांब लोंबत्या देठांवर झुबक्यांनी येतात. मादीचे फूल मोठे, पानाच्या बगलेत खोडाला चिकटून असते. म्हणून एकेका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावायची, फुले दिसली की हवे ते ठेवायचे आणि बाकीची उपटायची, अशी रीत पडली. दहा-पंधरा माद्यांमागे एक नर पुरतो. नर झाडाच्या खोडात खिळा ठोकला की ते फळू लागते, असे खेड्यापाड्यांत अजून सांगितले जाते. हवामान बदलले की काही नर झाडे आपसूकच एखाददुसरे फळ धरतात. खिळ्याला श्रेय मिळते ते त्यामुळे.

तिसरा प्रकार उभयलिंगी झाडाचा, आणि आजची बहुतेक व्यापारी शेती त्यावर उभी आहे. त्याच्या एकाच फुलात दोन्ही अंगे असतात, त्यामुळे बागेत नर ठेवायची गरज राहत नाही. तैवानहून आलेली रेड लेडी ७८६ ही जात आपल्याकडे इतकी पसरली ती यामुळेच. तिच्या बियांतून फक्त उभयलिंगी आणि मादी झाडे निघतात. घरी आणलेल्या फळावरूनही हा फरक वाचता येतो. उभयलिंगी झाडाचे फळ लांबट, त्यातली पोकळी लहान आणि गर जाड. मादी झाडाचे फळ गोलसर, पोकळी मोठी. बाजारात लांबट फळाला जास्त मागणी असते ती उगाच नव्हे. पण अशा फळातले बी काढून घरी लावले तर पुढच्या पिढीत तेच गुण जसेच्या तसे उतरतील असे मात्र धरून चालू नये, कारण ते संकराचे बी असते.

आता चिकाकडे येतो, कारण या पुस्तकाचा जीव त्यात आहे.

झाडावरचे फळ सत्तर ते शंभर दिवसांचे झाले, पुरेसे भरले पण रंग फुटला नाही, की चीक काढायची वेळ होते. काम भल्या सकाळी करायचे, ऊन तापायच्या आत. तेव्हा झाडात पाण्याचा ताण नसतो आणि चीक मोकळा वाहतो. फळावर देठाकडून टोकाकडे चार उभ्या रेघा ओढायच्या, जेमतेम तीन मिलिमीटर खोल. पाते स्टीलचे, काचेचे किंवा बांबूचे चालते. लोखंडाचे चालत नाही, कारण लोखंड लागले की चीक काळवंडतो आणि त्यातले विकर बिघडते. रेघ ओढताच पांढरे थेंब फुटतात, काही क्षणांत त्यांची धार होते, आणि दोन-तीन मिनिटांत तोच चीक दह्यासारखा घट्ट होऊन फळावर थिजतो. खाली काचेचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे धरायचे, थिजलेला चीक खरवडून त्यातच घ्यायचा. तीन-चार दिवसांनी उरलेल्या जागेवर पुन्हा रेघा. असे तीन-चार वेळा केले की फळ जवळपास रिकामे होते. जमवलेल्या चिकात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट अगदी थोडे मिसळतात आणि साधारण ५० अंश सेल्सिअसच्या बेताच्या उष्णतेत तो वाळवतात. दळल्यावर मळकट पांढरी भुकटी हाती येते. हेच कच्चे पपेन. काम करणाऱ्याने हातमोजे घातलेच पाहिजेत. प्रथिने तोडणारे विकर माणसाच्या कातडीला वेगळे समजत नाही, बोटे सोलवटून निघतात.

पपेन हे नाव १८७९ मध्ये फ्रान्समधल्या रसायनशास्त्रज्ञांनी दिले, त्यांत वुर्त्झ प्रमुख होते. त्याच्या पुष्कळ आधीपासून कच्च्या पपईच्या फोडी मटणाबरोबर शिजत आल्या आहेत. मटण मऊ होण्याचे आणि पपेनच्या बाकीच्या वापरांचे तत्त्व एकच. प्रथिने म्हणजे लांब साखळ्या, पपेन त्या ठरावीक जागी तोडते. बिअर थंड केली की तिच्यातली काही प्रथिने गढूळपणा आणतात, म्हणून मद्यनिर्मितीत ते वापरले गेले. दातांतली किडकी मऊ झालेली बाजू विरघळवून काढणारा लेप ब्राझीलमध्ये त्यापासून तयार झाला. मणक्यांमधली सरकलेली चकती शस्त्रक्रियेवाचून बरी करण्यासाठी पपईच्याच चिकातले दुसरे एक विकर टोचण्याची पद्धत काही काळ चालली. अमेरिकेत १९८२ मध्ये तिला मान्यता मिळाली, पण काहींना तीव्र ॲलर्जी होई, आणि २००३ मध्ये ते औषध तिथल्या बाजारातून गेले.

एक प्रकरण मात्र मुद्दाम विस्ताराने लिहिले आहे. आपल्या रक्तातली प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना पकडणारी प्रथिने, नेमकी कशी बांधलेली असतात हे १९५०च्या दशकात कुणाला माहीत नव्हते. रेणू फार मोठा होता, अखंड ठेवून त्याचा अभ्यास होईना. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉडनी पोर्टर यांनी तो तोडायला पपेन वापरले. १९५९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कामातून दिसले की पपेन हा रेणू तीन तुकड्यांत तोडते, आणि त्यातले दोन तुकडे जंतूला पकडण्याचे काम तुटल्यावरही करू शकतात. प्रतिपिंडाची इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी आकृती आज शाळेच्या पुस्तकात दिसते, तिच्या मुळाशी हा प्रयोग आहे. १९७२चे नोबेल पोर्टर यांना जेराल्ड एडलमन यांच्यासह मिळाले. परसातल्या फळाचा चीक माणसाच्या रोगप्रतिकारशक्तीचे कोडे सोडवायला उपयोगी पडला, हे मराठी मुलांना कुणीतरी सांगायला हवे होते.

स्वयंपाकघरात कच्च्या पपईला आपण अजून पुरती जागा दिलेली नाही. शेजारच्या गुजरातेत गाठ्यांबरोबर पपईचा संभारो लागतोच. किसलेली हिरवी पपई, मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, हिरवी मिरची, दोन मिनिटे परतून करकरीत असतानाच उतरवायची. केरळात ती ओल्या खोबऱ्यात परततात, बंगालात डाळ आणि भाजीत शिजवतात, फिलिपिन्समध्ये कोंबडीच्या रश्श्यात घालतात आणि थायलंडात खलबत्त्यात मिरची-लिंबाबरोबर कुटून तिची कोशिंबीर करतात. आपल्याकडे कोकण-गोव्यात भाजी आणि लोणचे होते, देशावर कुठे कुठे हरभऱ्याची डाळ घालून भाजी होते, बाकी ठिकाणी ती दुधीच्या रांगेतही बसत नाही. तिला स्वतःची अशी ठाम चव नाही हा तिचा दोष मानला जातो. मला तोच तिचा मोठा गुण वाटतो. खोबरे, दाण्याचे कूट, चिंच-गूळ, यांपैकी जे द्याल ते ती घेते आणि शिजूनही आकार सोडत नाही. लहानपणी आवडीने खाल्लेली रंगीत टुटीफ्रुटी म्हणजेसुद्धा कच्च्या पपईचे मिठात मुरवून, उकडून साखरेच्या पाकात घातलेले तुकडे. चीक काढून घेतलेली, रेघोट्यांनी विद्रूप दिसणारी फळे या कामाला चालतात.

पिकलेल्या पपईचे गुण सांगायला फार शब्द लागत नाहीत. शंभर ग्रॅम गरात चाळीसेक कॅलरी, क जीवनसत्त्व संत्र्याच्या बरोबरीचे, आणि कॅरोटिन भरपूर. लाल गराच्या जातीत लायकोपिनही असते. गाजर किंवा टोमॅटोपेक्षा पपईतली ही द्रव्ये शरीरात अधिक सहज शोषली जातात, असे माणसांवर केलेल्या चाचणीत दिसले आहे. ज्या घरात लहान मुले आहेत आणि फळांवर फार खर्च करता येत नाही, त्या घरासाठी याहून चांगले फळ मला माहीत नाही.

औषधी दाव्यांबाबत मी हात आखडता घेतला आहे, तो जाणूनबुजून. डेंग्यूची साथ आली की पपईच्या पानांच्या रसाची चर्चा गल्लोगल्ली होते. प्लेटलेट्स वाढायला त्याने थोडी मदत होते असे काही अभ्यासांत आढळले आहे, पण डेंग्यूत जीव जातो तो केवळ प्लेटलेट्स कमी झाल्याने नाही. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो, रक्तदाब कोसळतो. त्याला वेळेवर सलाइन आणि डॉक्टरांची देखरेख लागते. रस पाजत घरी बसून राहिलेला रुग्ण गमावण्याची पाळी कुणावर येऊ नये. गरोदरपणात पपई खाऊ नये या समजुतीतही कच्चे-पक्के असा भेद केला पाहिजे. कच्च्या फळाच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावते असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे, तेव्हा कच्ची आणि अर्धवट पिकलेली पपई त्या काळात टाळणे योग्यच. पूर्ण पिकलेल्या फळाविषयी तसा पुरावा नाही. तरीही शंका असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारावे. ज्यांना रबराच्या चिकाची ॲलर्जी आहे त्यांनी पपईही जपूनच हाताळावी.

उरलेला आणि माझ्या मते सगळ्यांत निकडीचा भाग शेतकऱ्याचा. महाराष्ट्रात पपई म्हटली की नंदुरबार जिल्हा, आणि त्यातही शहादा तालुका. हंगामात उत्तर भारतातले व्यापारी तिथे येऊन राहतात, बाजार समितीत शेतकरी आणि व्यापारी समोरासमोर बसून दर ठरवतात, बांधावर फळाला कागद गुंडाळून ट्रक भरले जातात. सालीवर पिवळी रेघ उमटली की फळ तोडावेच लागते, आणि तोडल्यावर हाती आठवडाभरही नसतो. उत्तरेत थंडी कडाक्याची पडली, मागणी घटली, वाहतूक अडली, की ठरलेला दर कागदावर राहतो. घेणाऱ्याला थांबता येते, फळाला थांबता येत नाही. भाव पडलेल्या वर्षी उभ्या बागेवर रोटाव्हेटर फिरवणारे शेतकरी याच जिल्ह्यातले आहेत.

त्यात रोगांची भर. रिंगस्पॉट विषाणू मावा किडीमार्फत पसरतो. माव्याला रोग लावायला झाडावर क्षणभर सोंड टेकवणे पुरते, त्यामुळे औषध फवारून तो मरेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. मुंबई प्रांतातल्या पपईवरच्या अशा विषाणूरोगाची नोंद शास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकातच केली होती. हवाई बेटांवर १९९२ मध्ये हा विषाणू पुना भागातल्या बागांत शिरला आणि काही वर्षांत तिथली पपई संपते की काय अशी पाळी आली. त्याच बेटांवर जन्मलेले डेनिस गोन्साल्विस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूचेच एक जनुक झाडात घालून रोगाला न जुमानणारे वाण तयार केले, ते १९९८ पासून शेतकऱ्यांना मिळू लागले. भारतात लागवडीसाठी तसे वाण नाही. इथे भिस्त आहे ती जाळीतल्या रोपांवर, क्रॉप कव्हरवर, बागेभोवतीच्या मक्याच्या ओळींवर आणि रोगट झाड दिसताच उपटण्यावर.

पिठ्या ढेकणाची कथा मात्र उमेद वाढवणारी आहे. ही कीड पपईच्याच मुलुखातली, मेक्सिकोची. २००८ मध्ये ती कोइम्बतूरला दिसली आणि बघता बघता तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, महाराष्ट्रात पसरली. पपईबरोबर तुतीचे मळेही पांढरे पडले. अंगावर मेणाचा थर असल्याने फवारणी लागू पडेना. शेवटी २०१०मध्ये प्वेर्तो रिकोहून तिचे नैसर्गिक शत्रू, डोळ्यांना जेमतेम दिसणारे परोपजीवी कीटक, बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेत आणले, वाढवले आणि बागांत सोडले. काही महिन्यांत कीड आटोक्यात आली, तीही फवारणीवाचून.

भावाच्या प्रश्नाला असा एखादा उतारा मी सुचवू शकलो असतो तर बरे झाले असते. माझे म्हणणे इतकेच आहे की सगळी पपई पिकवून ताजी विकण्याच्या एकाच वाटेवर शेतकऱ्याला उभे करू नये. कोइम्बतूरच्या कृषी विद्यापीठाने को-२, को-५, को-६ असे भरपूर चिकाचे वाण केव्हाच दिले आहेत. पपेन, टुटीफ्रुटी, गराचे डबे या वाटा माहितीच्या आहेत. पण चीक त्याच दिवशी वाळवावा लागतो, म्हणून प्रक्रिया केंद्र शेताजवळ आणि खरेदी करार लावणीआधी असला तरच त्यांना अर्थ आहे. खानदेशातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी पुस्तकाचा हा भाग आधी वाचावा आणि जिल्हा पातळीवर ही मागणी लावून धरावी.

ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनी सुरुवात पाककृतींपासून करावी. भाजीवाल्याकडे हिरवी पपई मागा. मागणारे असतील तर तो आणून ठेवेल. आणि दाराशी चार हात जागा असेल तर झाड जरूर लावा. देशी जातीच्या चांगल्या फळाचे बी घ्या, त्यावरचे बुळबुळीत आवरण राखेत चोळून पूर्ण काढा, कारण ते राहिले तर बी रुजत नाही. सावलीत वाळवा, उंचवट्यावर एका खड्ड्यात तीन रोपे लावा, आणि फुले दिसेपर्यंत एकही उपटू नका.